घरगुती ॲल्युमिनियम ओतकाम

घरगुती ॲल्युमिनियम ओतकाम म्हणजे ॲल्युमिनियम किंवा त्याचा मिश्रधातू लहान भट्टीत वितळवून साच्यात ओतणे आणि त्यापासून यंत्रांचे, अवजारांचे अथवा नित्योपयोगी वस्तूंचे सुटे भाग घराच्या आवारातील कार्यशाळेत तयार करणे होय. मोठ्या ओतशाळेत (फाउंड्रीत) जी तत्त्वे वापरली जातात तीच येथेही लागू पडतात; फरक असतो तो प्रमाणाचा व साधनांचा. इंग्रजी भाषक देशांतील हौशी यंत्रकारांमध्ये हा छंद विसाव्या शतकात रुजला. बाजारात न मिळणारा एखादा भाग स्वतः घडवणे, जुन्या यंत्राची दुरुस्ती करणे, मूर्ती किंवा नामफलक तयार करणे, अशा कारणांसाठी तो जोपासला जातो.

ॲल्युमिनियम ६६०.३° से. तापमानाला वितळते. तांब्याचा वितळबिंदू सुमारे १,०८५° से. आणि शुद्ध लोखंडाचा सुमारे १,५३८° से. आहे. त्यामुळे लहान भट्टीत वितळवता येणाऱ्या आणि तरीही यंत्रभागांना पुरेशी बळकटी देणाऱ्या धातूंमध्ये ॲल्युमिनियम सर्वांत सोयीचे ठरते.

या प्रक्रियेत ओलाव्याचे स्थान विशेष महत्त्वाचे आहे. साच्याची वाळू बांधून ठेवण्यासाठी थोडे पाणी आवश्यक असते; मात्र तेच पाणी प्रमाणाबाहेर गेले तर ओतलेला भाग सच्छिद्र होतो आणि ते वितळलेल्या धातूखाली अडकले तर स्फोट घडू शकतो. घरगुती ओतकामातील अनेक दोष आणि सर्वांत गंभीर अपघात यांचे मूळ ओलाव्यात असते.

परिभाषा

धातू वितळवून साच्यात ओतण्याच्या कामाला मराठीत ओतकाम म्हणतात. पितळ, कासे इत्यादींच्या वस्तू ओतणाऱ्या कारागिरांना ओतारी असे नाव आहे. धातू ज्या पात्रात वितळवतात ती मूस. ज्या पोकळीत तो ओततात तो साचा. साच्यात पोकळी उमटवण्यासाठी वापरायची मूळ प्रतिकृती म्हणजे फर्मा. आणि ओतीव भागात आतील पोकळी राहावी म्हणून साच्यात बसवायचा तुकडा म्हणजे गाभा होय. कारखान्यांमध्ये व औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये याच अर्थाने क्रूसिबल, मोल्ड, पॅटर्न व कोअर हे शब्द रूढ आहेत. ॲल्युमिनियमच्या भांड्यांना मराठी बोलीत ‘जर्मनची भांडी’ असेही म्हटले जाते.

इतिहास

ॲल्युमिनियम हा भूकवचात सर्वाधिक प्रमाणात आढळणारा धातू असला तरी तो ऑक्सिजनशी घट्ट संयोग पावलेला असल्याने दीर्घकाळ अज्ञात राहिला. डॅनिश शास्त्रज्ञ हान्स क्रिस्टियन ओर्स्टेड यांनी १८२५ मध्ये तो प्रथम वेगळा केला. १८८४ मध्ये अमेरिकेतील वॉशिंग्टन स्मारकाच्या शिखरावर बसवलेले ॲल्युमिनियमचे टोक फिलाडेल्फिया येथील विल्यम फ्रिशमथ यांच्या ओतशाळेत ओतण्यात आले. त्याचे वजन १०० औंस, म्हणजे सुमारे २.८ किलोग्रॅम होते. त्या काळी ॲल्युमिनियम हा मौल्यवान धातू समजला जाई. १८८६ मध्ये अमेरिकेतील चार्ल्स मार्टिन हॉल आणि फ्रान्समधील पॉल एरू यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे विद्युत् विच्छेदनाची पद्धत शोधली आणि त्यानंतर या धातूची किंमत झपाट्याने उतरली.

१९०३ मध्ये उड्डाण केलेल्या राइट बंधूंच्या विमानातील इंजिनाचे मुख्य कवच ॲल्युमिनियम व तांबे यांच्या मिश्रधातूचे ओतीव होते. हे इंजिन त्यांच्या सायकल दुकानातील यंत्रज्ञ चार्ली टेलर यांनी बांधले. कवच मात्र डेटन शहरातील एका ओतशाळेत ओतून घेतले होते. छोट्या कार्यशाळेतील कौशल्य आणि ओतशाळेचे साहाय्य यांची सांगड घालून यंत्रनिर्मिती कशी होते, याचे हे प्रसिद्ध उदाहरण आहे.

घरीच ओतकाम करण्याच्या प्रथेला व्यवस्थित रूप देण्याचे श्रेय बहुतांशी डेव्हिड गिंगरी (१९३२–२००४) या अमेरिकन लेखकाला दिले जाते. भंगारातून धातुकामाची संपूर्ण कार्यशाळा उभी करण्याविषयीची त्यांची पुस्तकमाला १९८० च्या दशकात प्रसिद्ध झाली. पहिल्या पुस्तकात लोणारी कोळशावर चालणारी लहान भट्टी बांधण्याची कृती आहे. दुसऱ्या पुस्तकात त्या भट्टीत ओतलेल्या ॲल्युमिनियमच्या भागांपासून लेथ यंत्र कसे तयार करावे ते सांगितले आहे. पुढील पुस्तकांत शेपर, मिलिंग व ड्रिलिंग यंत्रे येतात. आधी तयार झालेल्या यंत्राच्या साहाय्याने पुढचे यंत्र घडवायचे, अशी या मालेची रचना आहे. गिंगरी यांच्या लेथचा पाया ॲल्युमिनियमचा ओतीव असतो. मात्र ज्या पृष्ठावरून सरकता भाग फिरतो तेथे पोलादाची सपाट पट्टी बसवलेली असते. ॲल्युमिनियम मऊ असल्याने घर्षणाच्या जागी ते टिकत नाही, ही त्याची मर्यादा अशा रचनेने ओलांडली जाते.

महाराष्ट्रात कोल्हापूर परिसर ओतकाम उद्योगासाठी प्रसिद्ध आहे. तेथील शिरोली, गोकुळ शिरगाव इत्यादी औद्योगिक वसाहतींत मुख्यतः लोखंडाचे ओतीव भाग तयार होतात. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये फाउंड्रीमन हा व्यवसाय शिकवला जातो.

धातूचे गुणधर्म

घन ॲल्युमिनियमची घनता कक्ष तापमानाला प्रति घन सेंटिमीटर २.७० ग्रॅम असते. वितळलेल्या अवस्थेत ती सुमारे २.३८ पर्यंत उतरते. याचाच अर्थ, द्रव धातू थिजताना व नंतर निवताना आकसतो. केवळ थिजण्याच्या टप्प्यात शुद्ध ॲल्युमिनियमचे आकारमान सुमारे ६.५ टक्क्यांनी घटते. ही घट भरून काढण्याची सोय साच्यात नसेल तर भागाच्या पोटात पोकळी राहते.

एक किलोग्रॅम ॲल्युमिनियम कक्ष तापमानापासून ओतण्याच्या तापमानापर्यंत नेण्यास सुमारे ११ लाख जूल, म्हणजे ०.३ युनिट विजेइतकी उष्णता पुरेशी असते. यातील एक तृतीयांशाहून अधिक उष्णता केवळ घनाचे द्रव होण्यात खर्च होते. म्हणून तापमान ६६०° च्या आसपास पोहोचल्यावर ते बराच वेळ स्थिर राहिल्यासारखे दिसते. प्रत्यक्षात भट्टीच्या भिंती, मूस व बाहेर पडणारे वायू बरीच उष्णता घेऊन जात असल्याने इंधन याच्या कितीतरी पट लागते.

वितळलेल्या ॲल्युमिनियमच्या पृष्ठावर हवेतील ऑक्सिजनमुळे तत्काळ ॲल्युमिनियम ऑक्साइडचा पातळ पापुद्रा तयार होतो. या ऑक्साइडचा वितळबिंदू सुमारे २,०७२° से. असल्याने तो धातूत विरघळत किंवा वितळत नाही. पापुद्रा अखंड राहिला तर खालील धातूचे रक्षण करतो. ढवळण्याने अथवा उंचावरून ओतण्याने तो दुमडून आत गेला तर तयार भागात भेगेसारखा दोष निर्माण करतो.

ओतण्याच्या तापमानाला ॲल्युमिनियम दिवसाच्या उजेडात लालभडक दिसत नाही. ते चांदीसारखे चकचकीतच राहते. लोखंडाप्रमाणे रंगावरून तापमानाचा अंदाज बांधता येत नसल्याने तापयुग्माचा, म्हणजे थर्मोकपलचा वापर करणे श्रेयस्कर ठरते. अगदी अलीकडेच थिजलेला तुकडाही थंड तुकड्यासारखाच दिसतो. भाजण्याच्या अनेक घटना या साधर्म्यामुळे घडतात.

धातूची निवड

ओतकामासाठी सिलिकॉनयुक्त मिश्रधातू सर्वांत योग्य असतात. ॲल्युमिनियममध्ये सुमारे १२.६ टक्के सिलिकॉन असता वितळबिंदू ५७७° से. पर्यंत उतरतो, धातू पातळ होऊन साच्याच्या बारीक भागांत सहज पोहोचतो आणि थिजताना कमी आकसतो. एलएम६ या मिश्रधातूत १० ते १३ टक्के, तर ए३५६ या मिश्रधातूत सुमारे ७ टक्के सिलिकॉन असते.

घरगुती ओतकामात भंगाराचा वापर अधिक होतो. मूळचा ओतीव असलेला भंगार पुन्हा ओतण्यास चांगला, हा त्याविषयीचा ढोबळ नियम होय. मोटारींच्या मिश्रधातूच्या चाकांसाठी पुष्कळदा ए३५६ वापरला जातो. गिअरपेटीची कवचे, सिलिंडर हेड व पिस्टन यांतही सिलिकॉनचे प्रमाण चांगले असते. याउलट खिडक्यांच्या चौकटी, पत्रे व तारा यांचा धातू दाबून किंवा ओढून घडवण्यासाठी बनवलेला असतो. तो घट्टसर वाहतो आणि थिजताना तडकू शकतो. शीतपेयांचे डबे अतिशय पातळ व रंगलेपित असल्याने त्यांचा मोठा हिस्सा ऑक्साइड व मळीच्या रूपाने वाया जातो.

भंगार निवडताना पुढील गोष्टी टाळल्या जातात :

– मॅग्नेशियमचे भाग. ते ॲल्युमिनियमसारखेच दिसतात, परंतु वजनाला हलके असतात आणि भट्टीत पेट घेऊ शकतात. पेटलेल्या मॅग्नेशियमवर पाणी टाकल्यास आग अधिकच भडकते.
– बंद पोकळी असलेले भाग. आत अडकलेले तेल, पाणी वा हवा तापल्यावर ते फुटू शकतात.
– जस्ताचे ओतीव भाग व जस्तलेपित लोखंड. त्यांतून निघणाऱ्या जस्ताच्या धुरामुळे ताप व अंगदुखी यांसारखी लक्षणे उद्भवतात.
– तेलकट, रंगवलेले किंवा ओले तुकडे. ते आधी स्वच्छ व कोरडे करावे लागतात.

भंगार आधी वितळवून, मळी काढून, त्याच्या लहान लगडी पाडून ठेवणे आणि प्रत्यक्ष भाग ओतताना त्या लगडी वापरणे ही चांगली प्रथा मानली जाते. त्यामुळे घाण पहिल्या खेपेतच वेगळी होते व कोणती लगड कोणत्या भंगारातून आली याची नोंद ठेवता येते.

भट्टी व मूस

घरगुती भट्टी साधारणपणे पत्र्याच्या पिंपात किंवा बादलीत बांधली जाते. आतून अग्निरोधक अस्तर दिलेले असते. गिंगरी यांच्या पद्धतीत वाळू व अग्निमृत्तिका यांचे मिश्रण वापरले जाते. अलीकडे सिरॅमिक तंतूंची चादर अधिक पसंत केली जाते, कारण ती उष्णता कमी शोषते व भट्टी लवकर तापते. या तंतूंची धूळ फुप्फुसांना अपायकारक असल्याने चादरीवर कठीण लेप देणे आवश्यक असते. मातीचे अस्तर बांधल्यानंतर काही दिवस सावकाश सुकवावे लागते. घाईने तापवल्यास आतील पाण्याची वाफ होऊन अस्तराचे ढलपे उडतात.

इंधन म्हणून लोणारी कोळसा, स्वयंपाकाचा वायू किंवा वापरलेले इंजिन तेल वापरले जाते. विजेच्या तारेची भट्टीही वापरता येते. कोळशाच्या भट्टीला खालून पंख्याने वारा द्यावा लागतो. लोहाराच्या भात्याचेच ते कार्य होय. विजेच्या भट्टीत ज्वलन होत नसल्याने तापमानावर ताबा राहतो आणि ज्वलनातून निर्माण होणारी पाण्याची वाफही टळते. भारतात घरगुती वापराचा गॅस सिलिंडर अन्य कामासाठी वापरण्यास मनाई आहे.

मूस ग्रॅफाइट व चिकणमाती यांची किंवा सिलिकॉन कार्बाइडची असावी. नवशिके अनेकदा पोलादी डबा किंवा नळीचा तुकडा वापरतात; परंतु वितळलेले ॲल्युमिनियम लोखंडाला हळूहळू विरघळवते. यामुळे दोन हानी होतात. डब्याची भिंत पातळ होत जाऊन एखाद्या वेळी भरलेल्या अवस्थेत फुटते; तसेच धातूत मिसळलेले लोखंड थिजताना सुईसारखे कठीण स्फटिक बनवते व त्यामुळे भाग ठिसूळ होतो. ग्रॅफाइटची मूस हवेतील दमटपणा शोषून घेते. पावसाळ्यात पडून राहिलेली मूस प्रथम मंद आचेवर पूर्ण सुकवून मगच भट्टीत ठेवावी लागते.

फर्मा

फर्मा लाकूड, दाबलेल्या भुश्शाचे फळकूट, मेण किंवा त्रिमितीय मुद्रकावर छापलेले प्लॅस्टिक यांचा असतो. त्याचे परिमाण तयार भागाच्या परिमाणापेक्षा तीन कारणांनी वेगळे असते.

पहिले कारण आकुंचन. थिजलेला भाग निवेपर्यंत त्याची लांबी साधारण १.३ टक्क्यांनी घटते. १०० मिलिमीटर लांबीच्या भागासाठी फर्मा सुमारे १०१.३ मिलिमीटरचा करावा लागतो. दुसरे कारण उतार. वाळू न ढासळता फर्मा बाहेर निघावा म्हणून त्याच्या उभ्या बाजूंना १ ते ३ अंशांचा उतार दिला जातो. तिसरे कारण यंत्रणाची भर. ज्या पृष्ठांवर पुढे लेथ किंवा कानस चालवायची आहे तेथे २–३ मिलिमीटर अधिक धातू ठेवला जातो.

आतील कोपरे गोलाकार केले जातात. तीक्ष्ण कोपऱ्यात वाळू तुटते आणि थिजताना धातूला तेथेच तडा जाण्याची शक्यता असते.

साचा व वाळू

सर्वाधिक रूढ साचा ओल्या वाळूचा असतो. ‘ओली वाळू’ या नावाने गैरसमज होऊ शकतो. ती हाताला किंचित दमट लागते, भिजलेली नसते. बारीक सिलिका वाळू, ७ ते १० टक्के बेंटोनाइट माती आणि ३ ते ५ टक्के पाणी असे तिचे सर्वसाधारण प्रमाण असते. पाण्यामुळे बेंटोनाइट फुगून चिकट होते व वाळूचे कण एकमेकांना धरून ठेवते.

वाळूची परीक्षा मुठीने घेतली जाते. मूठभर वाळू दाबून उघडल्यावर बोटांचे ठसे स्पष्ट उमटावेत आणि गोळा मधोमध मोडल्यास कडा न चुरता स्वच्छ दोन तुकडे व्हावेत. गोळा चुरत असेल तर पाणी कमी आहे. तळहात ओला होत असेल तर पाणी जास्त आहे. पाणी जास्त असलेली वाळू पसरून वाळवतात व पुन्हा मळतात. काही हौशी कारागीर तेलाने बांधलेली वाळू वापरतात. तिच्यात पाणी नसल्याने वाफेचा प्रश्न उरत नाही व पृष्ठभाग गुळगुळीत येतो. मात्र ओतताना धूर होतो आणि खर्चही अधिक येतो.

साचा लाकडी किंवा धातूच्या दोन चौकटींत तयार होतो. ओतशाळेत वरच्या चौकटीला ‘कोप’ व खालच्या चौकटीला ‘ड्रॅग’ म्हणतात. फर्मा फळीवर ठेवून खालची चौकट वाळूने ठोकून भरतात, ती उलटी करतात, पृष्ठावर शंखजिऱ्याची बारीक पूड भुरभुरतात आणि वरची चौकट बसवून तीही भरतात. पुडीमुळे दोन्ही चौकटींतील वाळू एकमेकांना चिकटत नाही. मग चौकटी विलग करून फर्मा हळुवार ठोके देऊन काढला जातो. धातूची वाट कोरली जाते, बारीक तारेने वायू निघून जाण्यासाठी छिद्रे पाडली जातात व चौकटी पुन्हा जुळवल्या जातात. वाळू फार सैल ठोकली तर धातूच्या भाराने साचा फुगतो. फार घट्ट ठोकली तर वायूला बाहेर पडण्यास जागा राहत नाही.

धातूची वाट व राखीव साठा

धातू साच्यात ज्या उभ्या वाटेने उतरतो तिला स्प्रू म्हणतात. पडणारी धार खाली जाताना बारीक होत जाते. नळाच्या धारेतही हे दिसते. म्हणून ही वाटही खाली निमुळती ठेवतात. ती सर्वत्र सारख्या जाडीची असेल तर धारेभोवती हवा ओढली जाऊन धातूत मिसळते.

ब्रिटिश धातुशास्त्रज्ञ जॉन कॅम्बेल यांनी दाखवून दिले की, साच्यात शिरताना द्रव ॲल्युमिनियमचा वेग सेकंदाला सुमारे अर्ध्या मीटरपेक्षा जास्त झाला तर पृष्ठावरील ऑक्साइडचा पापुद्रा दुमडून आत ओढला जातो. केवळ १३ मिलिमीटर उंचीवरून पडणाऱ्या धातूलाही हा वेग प्राप्त होतो. यावरून मुशीचे ओठ साच्याच्या तोंडाशी अगदी जवळ का धरावे आणि धातू भागात शक्यतो तळाकडून का शिरू द्यावा, हे स्पष्ट होते.

थिजताना होणारी घट भरून काढण्यासाठी जाड भागाला लागून धातूचा राखीव साठा ठेवतात. त्याला रायझर म्हणतात. रायझरचे कार्य साधण्यासाठी तो भागानंतर थिजला पाहिजे. निकोलस ख्वोरिनोव्ह यांनी १९४० मध्ये मांडलेल्या नियमानुसार थिजण्यास लागणारा वेळ हा आकारमान व पृष्ठफळ यांच्या गुणोत्तराच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. उदाहरणार्थ, १० मिलिमीटर जाडीच्या मोठ्या सपाट पट्टीसाठी हे गुणोत्तर सुमारे ५ मिलिमीटर येते. व्यास व उंची समान असलेल्या दंडगोलासाठी ते व्यासाच्या एक षष्ठांश असते. म्हणजे ३० मिलिमीटर व्यासाचा रायझर पट्टीबरोबरच थिजेल व निरुपयोगी ठरेल. ३६ मिलिमीटर व्यास घेतल्यास गुणोत्तर ६ होते आणि त्याला पट्टीच्या सुमारे १.४४ पट वेळ लागतो. नवशिक्यांचे रायझर बहुधा याच हिशेबात लहान पडतात.

वितळवणे व ओतणे

लगडी भट्टीच्या काठावर तापवून, पूर्ण कोरड्या करून मगच मुशीत सोडल्या जातात. धातू वितळल्यावर वर जमलेली मळी तापवलेल्या पळीने काढतात. मीठ व पोटॅशियम क्लोराइड यांच्या मिश्रणाचा अभिवाह म्हणून वापर केल्यास मळीत अडकलेला धातू वेगळा होण्यास मदत होते. परंतु ही मिठे हवेतील पाणी शोषतात, म्हणून तीही आधी सुकवावी लागतात.

ओतण्याचे तापमान भागाच्या जाडीनुसार साधारण ७००° ते ७६०° से. ठेवले जाते. पातळ भागाला अधिक, जाड भागाला कमी तापमान लागते. गरजेपेक्षा जास्त तापवणे हानिकारक असते. द्रव ॲल्युमिनियम पाण्याच्या वाफेचे विघटन करून त्यातील हायड्रोजन शोषून घेते आणि तापमान वाढेल तसे हे शोषण वाढते. थिजताना मात्र धातूत हायड्रोजन सामावण्याची क्षमता सुमारे वीस पटींनी घटते. बाहेर पडू पाहणारा वायू अडकून भागात बारीक गोल छिद्रे राहतात. म्हणून धातू लवकर वितळवणे, तो विनाकारण तापत न ठेवणे व फारसा न ढवळणे हाच घरगुती पातळीवरील सर्वांत सुरक्षित उपाय आहे. कारखान्यांत द्रवातून आर्गॉन किंवा नायट्रोजनचे बुडबुडे सोडून हायड्रोजन काढला जातो. क्लोरीन निर्माण करणाऱ्या गोळ्या किंवा पोहण्याच्या तलावात वापरायची रसायने मुशीत टाकण्याचा प्रघात काही ठिकाणी आढळतो. त्यातून विषारी वायू निघत असल्याने तो घरी वर्ज्य मानावा.

ओतणे सुरू केल्यावर रायझर भरेपर्यंत धार खंडित होऊ देत नाहीत. उरलेला धातू आधीच तापवून ठेवलेल्या लगडीच्या साच्यात रिकामा केला जातो. मुशीत थिजू दिल्यास पुढील वेळी प्रसरणामुळे मूस तडकू शकते.

अन्य पद्धती

फोमच्या फर्म्याची पद्धत : थर्मोकोलचा फर्मा वाळूत पुरून तो न काढताच त्यावर धातू ओतला जातो, फोम वितळून व वायुरूप होऊन त्याची जागा धातू घेतो. अमेरिकेतील हॅरॉल्ड श्रॉयर यांनी १९५८ मध्ये या पद्धतीचे पेटंट घेतले. यात वाळू कोरडी व सुटी चालते आणि फर्म्याला उतार लागत नाही. जळणाऱ्या थर्मोकोलचा धूर अपायकारक असल्याने हे काम उघड्यावरच केले जाते.

मेणाची पद्धत : मेणाच्या प्रतिकृतीवर साचा चढवून, मेण वितळवून काढून, पोकळीत धातू ओततात. भारतात ही पद्धत प्राचीन काळापासून धातुमूर्तींसाठी वापरली जाते. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात तिचे वर्णन आहे.

धातूचा साचा : एकच भाग अनेक वेळा हवा असल्यास लोखंडाचा कायमचा साचा वापरतात. तो प्रत्येक वेळी तापवून घ्यावा लागतो, कारण थंड लोखंडावर हवेतील बाष्प साचलेले असू शकते.

दोष व त्यांची ओळख

दोष ओळखण्यासाठी ओतीव भाग करवतीने मधोमध कापून पाहणे हा उत्तम उपाय आहे.

– वायूची छिद्रे : गोल, आतून चकचकीत व सर्वत्र विखुरलेली. कारण : ओलावा किंवा अतितापन.
– आकुंचनाची पोकळी : वेडीवाकडी, आतून खडबडीत व जाड भागात एकवटलेली. कारण : अपुरा रायझर.
– थंड सांधा : धातूचे दोन प्रवाह भेटूनही एकजीव न झाल्याची रेषा. कारण : कमी तापमान किंवा खंडित धार.
– अपूर्ण भरण : टोके गोल व अर्धवट राहणे. कारण : थंड धातू, पातळ भिंत किंवा वायू अडकणे.
– वाळूचे कण : पृष्ठात रुतलेली वाळू. कारण : सैल साचा किंवा धातूची वेगवान धार.

सुरक्षितता

सामान्य दाबाला पाण्याची वाफ झाल्यावर तिचे आकारमान मूळ पाण्याच्या सुमारे १,६०० ते १,७०० पट होते. वितळलेल्या धातूवर पाण्याचा थेंब पडला तर तो पृष्ठावर तडतडून उडून जातो. परंतु तोच थेंब धातूखाली अडकला तर वाफ धातूला उसळून फेकते. यामुळे ओला तुकडा मुशीत टाकणे, गंजलेल्या ओलसर साच्यात लगड ओतणे, दमट पळी बुडवणे या कृती सर्वांत घातक आहेत. धातूला स्पर्श करणारी प्रत्येक वस्तू आधी तापवलेली असावी, हा ओतकामाचा मूलभूत नियम आहे.

काँक्रीटच्या फरशीतही पाणी असते. तिच्यावर धातू सांडल्यास फरशीचे तुकडे उडतात; म्हणून भट्टी व साच्याभोवती कोरड्या वाळूचा थर पसरतात. सांडलेला धातू विझवण्यासाठी कोरडी वाळूच वापरली जाते, पाणी कधीही नाही. पाऊस येण्याची शक्यता असताना उघड्यावर ओतकाम केले जात नाही. बंद खोलीत कोळसा अथवा वायू जाळल्यास कार्बन मोनॉक्साइडमुळे गुदमरण्याचा धोका असतो.

अंगावर सुती, लोकरीचे किंवा चामड्याचे पूर्ण कपडे असावेत. कृत्रिम धाग्याचे कापड वितळून त्वचेला चिकटते. चामड्याचे बूट पँटच्या आत असावेत, अन्यथा बुटात शिरलेला धातू बाहेर काढता येत नाही. चेहऱ्यावर पूर्ण ढाल व हातांत लांब चामडी मोजे आवश्यक असतात. मूस उचलण्याचा चिमटा तिच्या पोटाला घट्ट बसणारा हवा. उचलण्यापासून ओतण्यापर्यंतची हालचाल भट्टी पेटवण्यापूर्वी रिकाम्या मुशीने करून पाहणे उपयुक्त ठरते. कोरडी सिलिका धूळ दीर्घकाळ श्वासात गेल्यास सिलिकोसिस हा फुप्फुसांचा असाध्य विकार होतो. वाळू चाळताना मुखपट्टी लावावी लागते. लहान मुले व पाळीव प्राणी या परिसरापासून दूर ठेवले जातात.

मर्यादा

ए३५६ सारखा मिश्रधातू सुमारे ५४०° से. ला काही तास तापवून पाण्यात विझवल्यास व नंतर सुमारे १५५° से. ला पुन्हा तापवल्यास त्याची बळकटी लक्षणीय वाढते. मिश्रधातूचे घटक निश्चित माहीत नसतील तर या उष्णतोपचाराचा भरवसा देता येत नाही. भंगारातून ओतलेल्या भागाची बाहेरून दिसणारी सफाई आतील छिद्रांबद्दल काहीच सांगत नाही. कारखान्यात त्यासाठी क्ष-किरण तपासणी केली जाते. म्हणून ब्रेक, सुकाणू, वाहनाचे आधारभाग, शिडी, उच्च दाबाची उपकरणे अशा, तुटल्यास जीव धोक्यात येईल त्या कामांसाठी घरगुती ओतीव भाग वापरले जात नाहीत. यंत्रांच्या मुठी, कप्प्या, झाकणे, पट्टे बसवण्याच्या चौकटी, लहान लेथचे पाये, नामफलक व शोभेच्या वस्तू हे त्यांचे योग्य क्षेत्र होय.

भंगारापासून स्वयंपाकाची भांडी ओतणेही टाळावे. कॅमेरूनसह काही देशांत भंगारातून ओतलेल्या ॲल्युमिनियमच्या भांड्यांतून शिसे अन्नात उतरत असल्याचे अभ्यासांत आढळले आहे. शिसे भंगारातील अन्य धातूंबरोबर मुशीत येते व मळी काढल्याने ते वेगळे होत नाही.

हे सुद्धा पहा

– ॲल्युमिनियम
– ओतकाम
– मिश्रधातू
– लेथ यंत्र
– मानसोल्लास
– सिलिकोसिस